‘त्यांच्यात असंच असतं’



मानसिक आरोग्यावरचा हा अंक ठरत असताना आमच्या बैठकीत एकीने सरळ विचारलं : इंग्लंडातल्या मानसोपचार सेवेत आशियाई बायकांना आणि तिथे राबणाऱ्या आशियाई डॉक्टर-नर्सेसना कशी वागणूक मिळते, हा विषय आपल्या संपादकीयात कशाला? येरवड्याच्या आणि ठाण्याच्या मनोरुग्णालयांतल्या बायकांचे प्रश्न संपले का? प्रश्न रास्त आहे. पण गेल्या काही वर्षांत आपल्या समाजकार्य महाविद्यालयांतून एम.एस.डब्ल्यू. झालेल्या मुली नोकरीसाठी इंग्लंडला जाऊ लागल्या आहेत. त्यांतल्या काहीजणी तर आपल्याच गटांच्या शिबिरांतून तयार झालेल्या. मीही अशीच गेले. उत्तर इंग्लंडातल्या एका मध्यम शहरात मानसिक आरोग्याच्या पथकात चार वर्षं काम करून परत आले. निघताना व्हिसाची, थंडीची, भाड्याच्या खोलीची सगळी माहिती मला मिळाली होती. कामावर माझ्या रंगाचं काय होणार आहे, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

आधी शब्दाचं पाहू. अमेरिकेत ‘एशियन’ म्हटलं की आधी चिनी, जपानी, कोरियन, फिलिपिनो माणूस डोळ्यांपुढे येतो. ब्रिटनमध्ये त्याच शब्दाचा रोजचा अर्थ भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी असा आहे. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ५५ लाख लोकांनी, म्हणजे शंभरातल्या नऊजणांनी, आपली नोंद आशियाई अशी केली. द्वेष करणारा मात्र इतके बारकावे पाहत नाही. २०२०मध्ये करोना आला तेव्हा चिनी चेहऱ्याच्या कुणालाही रस्त्यात शिव्या ऐकाव्या लागल्या. ऑगस्ट २०२४च्या दंगलीत संडरलंडमध्ये ड्यूटीवर निघालेल्या फिलिपिनो नर्सेसवर दगड फेकले गेले. ज्यांच्या शुश्रूषेला त्या निघाल्या होत्या त्यांच्याच गावात हे घडलं.

पण दगड दिसतो, त्याची पोलिसांत नोंद होते. मला लिहायचं आहे ते दवाखान्यातल्या सभ्य, हसऱ्या वंशद्वेषाबद्दल. त्याचं तिथलं लाडकं वाक्य म्हणजे, ‘त्यांच्यात असंच असतं.’

एक बाई सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पन्नाशीची, पाकिस्तानातून लग्न होऊन आलेली, शिवणाच्या कारखान्यात वीस वर्षं काम केलेली. अंग दुखतं, छातीत जळजळ होते, ‘दिल बैठ जाता है’ अशी तिची तक्रार. नऊ वर्षं ती आपल्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, जात होती. दुभाषी म्हणून बरोबर नात, वय वर्षं दहा. मुलांकडून हे काम करून घेऊ नये असं तिथल्या आरोग्य सेवेचं मार्गदर्शन आहे. पण दुभाष्याला पैसे पडतात आणि नात फुकट मिळते. आता दहा वर्षांच्या मुलीसमोर आजी काय सांगणार, की तुझे आजोबा मला मारायचे, मुलगा माझी पेन्शन काढून घेतो? तिने गुडघे दाखवले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या.

अशा बायकांसाठी तिथल्या डॉक्टरांच्या आपसांतल्या बोलण्यात एक शब्द आहे, ‘मिसेस बीबी सिंड्रोम’. अंगभर दुखतं म्हणणारी, कुठे काही सापडत नाही अशी आशियाई बाई. तिच्या नावाचीच व्याधी करून टाकलेली. आपल्याकडेही ‘जीव घाबरा होतो’, ‘डोकं जड झालंय’, ‘पोटात खड्डा पडतो’ असंच बाई सांगते, आणि समोरच्याला ऐकायचं असेल तर त्याला बरोबर कळतं. इंगा-ब्रिट क्राउझे या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी बेडफर्डमधल्या पंजाबी लोकांच्या ‘दिल घिरणं’ या तक्रारीचा अभ्यास १९८९मध्ये प्रसिद्ध केला. त्या दोन शब्दांत शरीर, मन, इभ्रत, एकटेपणा सगळं एकत्र येतं, हे त्यांनी नीट उलगडून दाखवलं. म्हणजे ऐकणं अशक्य नाही. ऐकण्यासाठी वेळ आणि पैसा द्यावा लागतो, आणि त्याहून आधी समोरच्या बाईचं आयुष्य मोलाचं वाटावं लागतं.

दुसरी ठरलेली समजूत म्हणजे, ‘ते लोक आपल्या माणसांची काळजी घरातच घेतात.’ एकत्र कुटुंब, मोठी माणसं, देवधर्म. त्यांना आमच्या सेवेची गरजच नसते. आशियाई लोक सेवेकडे कमी येतात, याचं हे सोपं उत्तर. अमेरिकेत स्टॅन्ली स्यू आणि त्यांच्या सहकाऱ्याने सिॲटलच्या सरकारी केंद्रांतल्या नोंदी तपासून १९७५मध्येच दाखवलं होतं की आशियाई रुग्ण येतात, पण त्यांतले सुमारे निम्मे पहिल्या भेटीनंतर परत फिरकत नाहीत. गोऱ्यांमध्ये हे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं. दारापर्यंत येऊन परत गेलेल्या माणसाबद्दल ‘त्याला यायचंच नव्हतं’ असं म्हणणं सोयीचं असतं.

आणि घर काळजी घेतं म्हणावं तर त्याच घरातून मुली जीव देत होत्या. १९९०मध्ये प्रसिद्ध झालेल्या वीणा सोनी राले आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात, भारतीय उपखंडात जन्मून ब्रिटनमध्ये राहणाऱ्या १५ ते २४ वयाच्या स्त्रियांत आत्महत्येचं प्रमाण तिथल्या सरासरीच्या दुपटीहून अधिक आढळलं. अमृत विल्सन यांनी १९७८मध्ये ‘फाइंडिंग अ व्हॉइस’ हे पुस्तक लिहिलं, त्यात या बायकांचा एकटेपणा त्यांच्याच तोंडून आला आहे. माहिती नव्हती असं कुणाला म्हणता येणार नाही.

या ‘त्यांच्यात असंच असतं’चं मूळ पार जुनं आहे, आणि ते आपल्याच जमिनीत सापडतं. १९१८मध्ये इंग्रज सरकारने रांचीला फक्त युरोपियन रुग्णांसाठी मनोरुग्णालय उघडलं. भारतीयांसाठी रांचीतच वेगळं. वेड्यांतही गोरे-काळे! त्या युरोपियन रुग्णालयाचे अधीक्षक ओवेन बर्कले-हिल यांनी १९२१मध्ये मनोविश्लेषणाच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात एक लेख लिहिला. हिंदूंचा धर्म, तत्त्वज्ञान आणि स्वभाव या सगळ्यांची उकल त्यांनी शौचाशी जोडलेल्या बाळपणीच्या वासनांतून केली होती. वाचून हसू येतं, पण ते शास्त्र म्हणून छापलं गेलं होतं. एका संपूर्ण समाजाला आजारी ठरवलं की त्यातल्या एकट्या माणसाचं ऐकण्याची गरज उरत नाही.

पुढे १९७९मध्ये हीथ्रो विमानतळावर, लग्न करण्यासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची डॉक्टरकडून कौमार्यचाचणी करण्यात आली. आशियाई मुली लग्नाआधी कुमारिकाच असतात, तेव्हा ही तशी नसेल तर ती खरी वधू नव्हे, असा त्यामागचा तर्क. ‘त्यांच्यात असंच असतं’ याला सरकारी शिक्का मिळाला आणि डॉक्टरचे हात मिळाले. तिथल्या आशियाई बायकांनी त्याविरुद्ध निदर्शनं केली, आणि ही प्रथा बंद करावी लागली.

किरणजीत अहलुवालियाची गोष्ट आपल्यातल्या पुष्कळजणींना ठाऊक आहे. लग्न होऊन इंग्लंडला गेलेल्या किरणजीतने दहा वर्षांची मारहाण सोसल्यावर मे १९८९मध्ये झोपलेल्या नवऱ्याला पेटवलं. तो दगावला. डिसेंबरमध्ये तिला खुनाबद्दल जन्मठेप झाली. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या १९७९पासून काम करणाऱ्या गटाने तिच्यासाठी मोहीम उभी केली. (‘ब्लॅक’ या शब्दात त्यांनी आशियाई आणि आफ्रिकी-कॅरिबियन बायकांना राजकीय अर्थाने एकत्र घेतलं होतं.) जुलै १९९२मध्ये अपील न्यायालयाने शिक्षा रद्द केली, आणि सप्टेंबरमध्ये ती सुटली. आपण तेव्हाही आनंद केला, तो योग्यच होता. पण सुटली कशावर, ते पाहा. वर्षानुवर्षांच्या छळाने चिथावणी मिळाली, हा तिचा मुद्दा न्यायालयाने मानला नाही. मानलं ते तिचं नैराश्य. त्या नैराश्याचा वैद्यकीय अहवाल पहिल्या खटल्याच्या वेळीच उपलब्ध होता, तो तेव्हा कुणी पुढे आणला नव्हता. म्हणजे जी बाई अटकेआधी आजारी आहे हे कुणाच्या गावी नव्हतं, तिला सुटायच्या वेळी आजारी असण्यावाचून दुसरी वाट ठेवली नाही.

आता कायद्याचं एक कलम, कारण सामाजिक कार्यकर्तीची सही त्यात लागते. १९८३च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली माणसाला इच्छेविरुद्ध रुग्णालयात ठेवता येतं, तपासणीसाठी २८ दिवसांपर्यंत, उपचारांसाठी सहा महिन्यांपर्यंत आणि पुढे मुदत वाढवून. दोन डॉक्टरांची शिफारस आणि बहुधा प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्तीचा अर्ज, अशी ती रीत. तिथे याला ‘सेक्शन करणं’ म्हणतात. कृष्णवर्णीयांना असं डांबण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या तिपटीहून अधिक आहे, ही लाजिरवाणी गोष्ट तिथलं सरकारही मान्य करतं. पण त्याच कायद्यात ‘सर्वांत जवळचा नातेवाईक’ ठरवून दिला होता आणि त्या यादीत नवरा पहिला. त्याला दाखल करण्यासाठी अर्ज करता येतो, दाखल करायला हरकत घेता येते, सुटकाही मागता येते. ज्याच्या मारामुळे बाईचं मन ढासळलं, तोच कायद्याने तिचा राखणदार! रुग्णानेच आपल्या विश्वासाची व्यक्ती निवडावी, अशी शिफारस सायमन वेसली यांच्या समितीने डिसेंबर २०१८मध्ये केली.

नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या आपल्याकडच्या बायका मी पाहिल्या, त्यांत मराठीही होत्या. ‘तुला वेडी ठरवून परत पाठवीन’ ही धमकी त्यांना मराठीत ऐकवली जायची. ती नवऱ्याला सुचते कशी, हे आपल्याला सांगायला नको. हिंदू विवाह कायद्यात मनोविकार हे घटस्फोटाचं कारण आहे आणि त्याचा बायकांविरुद्ध कसा वापर होतो, हे आपल्या प्रत्येक समुपदेशन केंद्राने पाहिलं आहे. पुण्याच्या भार्गवी दावर यांनी भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्याची स्त्रीवादी मांडणी १९९९मध्येच केली होती. तिकडच्या बाईवर इकडचा नवरा आणि तिकडची व्यवस्था, असे दोन्ही भार एकदम पडतात, आणि तिथला डॉक्टर त्यांतल्या फक्त पहिल्याकडे बोट दाखवून ‘त्यांची संस्कृती’ म्हणतो. आपण इथे पुरुषप्रधानतेवर बोलतो, ते शब्द तिकडे वंशद्वेषाच्या हातात पडतात. म्हणून गप्प बसायचं का? साउथॉलच्या बायकांनी दोन्हींविरुद्ध एकाच वेळी बोलून दाखवलं, आणि त्याबद्दल आपल्या समाजातल्या पुढाऱ्यांच्या शिव्याही खाल्ल्या.

आता काम करणाऱ्यांबद्दल. इनॉक पॉवेल हे नाव वंशद्वेषी भाषणासाठी कुप्रसिद्ध आहे. परदेशी लोक आले तर रक्ताचे पाट वाहतील, असा त्या १९६८च्या भाषणाचा रोख होता. हेच गृहस्थ १९६० ते १९६३ आरोग्यमंत्री होते. जुनी वेड्यांची इस्पितळं बंद करण्याचा मनोदय त्यांनी १९६१मध्ये जाहीर केला, आणि त्यांच्याच काळात इस्पितळं चालत होती ती भारत-पाकिस्तानातल्या डॉक्टरांच्या आणि कॅरिबियन नर्सेसच्या जिवावर. गोऱ्या डॉक्टरांना हृदयाची, मेंदूची शस्त्रक्रिया हवी असायची. म्हातारी माणसं आणि मनोरुग्ण ही नको असलेली कामं बाहेरून आलेल्यांच्या वाट्याला गेली. परदेशातून आलेल्या मुलींना तर दुय्यम दर्जाच्या नर्सिंगच्या अभ्यासक्रमात घातलं जाई. ती पदवी त्यांच्या मायदेशी कित्येकदा चालतही नसे.

अनीझ इस्माइल आणि सॅम एव्हरिंग्टन या डॉक्टरांनी १९९३मध्ये रुग्णालयांतल्या नोकऱ्यांसाठी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, काही इंग्रजी नावांनी, काही आशियाई नावांनी. इंग्रजी नावांना मुलाखतीसाठी दुपटीने निवडलं गेलं. यावर काय कारवाई झाली? खोटे अर्ज केले म्हणून या दोघांनाच अटक झाली. २०१५पासून तिथली आरोग्य सेवा वर्णानुसार आकडे दरवर्षी जाहीर करते, ही चांगली गोष्ट आहे. त्या आकड्यांनुसार मुलाखतीपर्यंत पोचलेल्यांतही गोऱ्या उमेदवाराला नोकरी मिळण्याची शक्यता दीडपटीच्या आसपास जास्त राहिली आहे.

माझ्या पथकात मी एकटी तपकिरी होते. परिणाम असा की शहरातली झाडून सारी आशियाई माणसं माझ्या यादीत. ‘तू इंडियन ना, जरा बोल तिच्याशी’, आणि समोर सिल्हेटी बोलणारी बांगलादेशी आजी. माझी हिंदी आणि तिची सिल्हेटी मिळून आम्ही एकमेकींकडे पाहून हसलो, एवढंच. दुभाष्याचं हे काम माझ्या कामाच्या तासांत कधी धरलं गेलं नाही. आणि एक गोष्ट आपल्या माणसांबद्दलही सांगितली पाहिजे. एका बाईने मला नाकारून गोरी समुपदेशक मागितली. तू आमच्यातली, उद्या देवळात भेटशील, म्हणाली. तिचं चुकीचं नव्हतं. लहानशा वस्तीत गोष्ट फुटते. ‘आशियाई रुग्णाला आशियाई कार्यकर्ती’ हा कार्यालयाला सोयीचा हिशोब असतो, बाईला काय हवं हे तिला विचारूनच ठरवायला हवं.

सगळ्यांत अवघड प्रसंग वॉर्डातले. मनोविकाराच्या झटक्यात असलेला माणूस तुम्हाला वंशावरून शिवी देतो, तुमच्या हातचं पाणी नको म्हणतो, चिनी लोक नळातून विष सोडतात असं ओरडतो. आजार त्याचा, पण शब्द रस्त्यावरून आणि वर्तमानपत्रांतून आलेले. एप्रिल २०२०पासून, वंशद्वेषी वागणाऱ्या रुग्णाला तातडीची नसलेली सेवा नाकारण्याची मुभा तिथल्या रुग्णालयांना आहे. मानसोपचाराच्या वॉर्डात ती बहुतेक वेळा वापरता येत नाही, आणि वापरू नये असंच मला वाटतं. आजारी माणसाला शिक्षा करून काय साधणार? पण माझे वरिष्ठ म्हणायचे, ‘तो आजारी आहे, मनावर घेऊ नकोस,’ आणि विषय तिथेच संपायचा. नोंद नाही, चर्चा नाही. एक फिलिपिनो नर्स होती, तिला तर शिव्या इतक्या सवयीच्या झाल्या होत्या की ती त्या मोजायची, आणि रात्रपाळी संपताना आकडा सांगून हसायची. आम्ही दोघी मिळून जे मागितलं ते एवढंच होतं : असं घडलं की तिथल्या तिथे सहकाऱ्याने बोलावं, ‘ही आमची सहकारी आहे, तिच्याशी असं बोलायचं नाही.’ प्रसंगाची लेखी नोंद व्हावी. ज्या बाईला ऐकून घ्यावं लागलं तिला हवं तर त्या दिवशी दुसरं काम मिळावं, आणि आठवड्याच्या बैठकीत त्यावर बोलणं व्हावं. यातल्या लेखी नोंदीला वर्षभराने होकार मिळाला. बाकीचं मी येईपर्यंत ‘विचाराधीन’ होतं.

त्याऐवजी मिळालं प्रशिक्षण. अर्ध्या दिवसाची ‘सांस्कृतिक जाणीव’ कार्यशाळा. आशियाई माणूस डोळ्याला डोळा भिडवत नाही, आशियाई बाई नवऱ्याला विचारल्याशिवाय बोलत नाही, असे मुद्दे. मग समोसे. ते मलाच आणायला सांगितले होते! म्हणजे जी समजूत मोडायची, तीच छापील कागदावर वाटून झाली. माझ्या मते असल्या कार्यशाळांनी उपकारापेक्षा अपकार जास्त केला आहे. जिथे पैसा आणि निर्णय बायकांच्या हाती आले तिथे फरक पडलेला दिसतो. जाफर करीम यांनी १९८३मध्ये लंडनमध्ये सुरू केलेल्या ‘नफ्सियात’ केंद्रात माणूस आपल्या भाषेत उपचार घेऊ शकतो. साउथॉलच्या गटाच्या रेट्यामुळे, नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या आणि छळामुळे घर सोडलेल्या बाईला २०१२पासून काही काळ सरकारी मदत मिळू लागली. बाईला छप्पर मिळालं की तिच्या ‘बीबी सिंड्रोम’मध्ये केवढी सुधारणा होते, ते पाहण्यासारखं असतं. सरकारी अनुदानं कापली गेली की मात्र पहिली कात्री अशाच लहान संस्थांना लागते. २०२३मध्ये तिथल्या आरोग्य सेवेने वांशिक समतेची नवी चौकट आणली आहे, रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना सहभाग देणारी. तिच्यामागे पैसा किती उभा राहतो ते बघायचं.

इथे बसून तिकडे बोट दाखवणं सोपं आहे, म्हणून आणखी थोडं. एप्रिल २०२०मध्ये मुंबईत एका मणिपुरी तरुणीवर मोटारसायकलवरून जाणारा माणूस थुंकला. पुण्या-मुंबईत पार्लरमध्ये, हॉटेलांत, रुग्णालयांत काम करणाऱ्या ईशान्येकडच्या मुलींना ‘चिनी’, ‘करोना’ ऐकावं लागलं. त्यांच्यातली कोणी आपल्या केंद्रावर आली, तर आपण तिच्याशी कोणत्या भाषेत बोलतो? आपल्या समुपदेशकांमध्ये दलित, आदिवासी, मुस्लिम बायका किती आहेत, आणि आहेत त्यांच्याकडे फक्त ‘त्यांच्या’ वस्तीतल्या केसेस जातात का? पारधी बाई रडत नाही, मुस्लिम बाई तलाकशिवाय दुसरं बोलत नाही, अशी वाक्यं आपल्या आढावा बैठकांत कधी ऐकली नाहीत असं कुणी म्हणू नये. पुढच्या जिल्हा बैठकांच्या विषयपत्रिकेवर हा मुद्दा घ्यावा, असं आम्ही सगळ्या गटांना कळवत आहोत.

परदेशी नोकरीला जाणाऱ्या मुलींसाठी चार पानांचं पत्रक तयार करण्याचं काम हाती घेतलं आहे. नोकरी स्वीकारण्याआधी काय विचारायचं ते त्यात असेल : दुभाष्याचं काम तुमच्यावर टाकलं तर ते कामाच्या तासांत धरणार का, रुग्णाने वंशावरून अपमान केला तर नोंदीची पद्धत काय, तुमच्या कामावर देखरेख करणाऱ्या व्यक्तीशी दर आठवड्याला बोलायला वेळ मिळणार का. युनियनचं सदस्यत्व पहिल्याच आठवड्यात घ्या, हेही त्यात असेल. ज्यांनी तिथे काम केलं आहे किंवा करत आहेत, त्यांनी आपले अनुभव पुढचा अंक निघण्याआधी लिहून पाठवावेत. मराठीत, हिंदीत, जमेल तसे. नाव छापायचं नसेल तर पत्रावर तसं लिहा, आम्ही छापणार नाही.